डेड स्टॉकातली चाल

खडकमळ्याच्या साखर कारखान्याच्या हजेरीपटावर रंभाजी मास्तर 'माळी' होते. त्यांनी जन्मात एक रोप लावलं नव्हतं. पण कारखान्यात बँडमास्तर अशी जागा मंजूर नव्हती, माळ्याची एक जागा रिकामी होती, आणि चेअरमनसाहेबांना बँड हवा होता. वरून कुणी तपासणीला आलं की मास्तर क्लॅरनेट पेटीत घालायचे आणि गेस्ट हाऊसच्या बागेत झारी धरून उभे राहायचे. झारीत पाणी नसायचं. एकदा एका तपासनिसानं उत्साहानं विचारलं, "हे कसलं हो झाड?"

"सरकारी," मास्तर म्हणाले.

मास्तरांना राग येतो असं कुणी म्हणत नसे, कारण यायला तो आधी गेलेला असावा लागतो. त्यांचा राग त्यांच्याकडे कायमच मुक्कामाला होता. चहात साखर कमी पडली तरी ते रागवायचे आणि जास्त झाली तरी रागवायचे. साखर कारखान्यातल्या माणसाला दोन्ही शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बायकोनं, चांगुणाबाईंनी, पंचवीस वर्षं हा राग सांभाळला. त्या म्हणायच्या, "वाजवत असले की तोंड अडकल्यालं असतं. तेवडाच घराला इसावा."

वाजवायला ते शिकले पलटणीत. त्रेचाळीस साली भरती झाले आणि बँडात पडले. तिथल्या गोऱ्या बँडमास्तरानं त्यांना रेघांवरचं नोटेशन शिकवलं, शिव्या शिकवल्या आणि एक युक्ती शिकवली. एकानं चाल धरायची, दोन ओळी पुढं गेला की दुसऱ्यानं तीच चाल मागून धरायची, आणि दोघांनी एकमेकांच्या पायात न येता शेवट गाठायचा. ही युक्ती तिकडच्या राजेलोकांच्या दरबारातली, तीनेकशे वर्षांपूर्वीची, असं तो गोरा सांगे. त्या दरबारांत चाली रचणारा एकेक माणूस पगारावर असे. दर रविवारी त्यानं नवी चाल द्यायची, जेवायला स्वयंपाक्यांच्या पंगतीत बसायचं. अशाच एकानं नोकरी सोडतो म्हटलं तर राजानं त्याला महिनाभर कोठडीत घातलं होतं. तरुण रंभाजीला तेव्हा ही गोष्ट फार विनोदी वाटली होती.

चोपन्न साली ते पलटणीतून कायमचे घरी आले तेव्हा मुलगी, गीता, दोन वर्षांची होती. तिनं बापाला नीट पाहिलेलंच नव्हतं. जवळ घ्यायला गेले की ती पळायची, आणि पाठ फिरवली की चार पावलं अंतर ठेवून मागं यायची. ते थांबले की थांबायची. विहिरीवर गेले की विहिरीवर, सायकल पुसायला बसले की चार पावलांवर बसून आपली चप्पल पुसायची. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी मास्तरांनी त्याच चालण्याची चाल केली. पुढं क्लॅरनेट, मागं दोन ओळींच्या अंतरावर कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी बिगुलच. ते थांबलं की हे थांबतं. शेवटच्या ओळीत मागचं पुढच्याला गाठतं, आणि दोघं एका सुरावर उभे राहतात. त्या चालीला त्यांनी नाव दिलं नाही. घरात तिला 'गीताची' म्हणत.

कारखान्यात बँड उभा राहिला बासष्ट साली. चेअरमन सहादेवराव हा तसा दिलदार माणूस. त्यांनी कुठल्याशा संस्थानाच्या दसऱ्याचा फोटो पाहिला होता, त्यात हत्ती आणि बँड होता. हत्ती संचालक मंडळानं नामंजूर केला. अकरा माणसं जमवली, लाल कोट शिवले, खांद्यांवर सोनेरी झालर लावली. जेवण ड्रायव्हरांच्या पंगतीत. आणि मग हुकूम सुरू झाले. बॉयलर पेटवायला नवी चाल. पहिली मोळी टाकायला नवी चाल. वार्षिक सभेला, साहेबांच्या वाढदिवसाला, मळीच्या टाकीच्या उद्घाटनाला. साहेबांचा शर्यतीचा बैल गेला तेव्हा मास्तरांना रडकी चाल मागितली. त्यांनी बॉयलरचीच चाल निम्म्या वेगानं वाजवली. साहेबांनी डोळे पुसले.

अशा चाळीसेक चाली त्यांनी केल्या, आणि त्यांतली एकही त्यांना घरी गुणगुणावीशी वाटली नाही. त्याचा राग नव्हता. पगाराच्या चाली पगाराला गेल्या. 'गीताची' मात्र त्यांनी कधी लाल कोट घालून वाजवली नव्हती.

ती गेली एका शब्दापायी.

अडुसष्टच्या दिवाळीत संध्याकाळी मास्तर क्वार्टरच्या उंबऱ्यावर बसून क्लॅरनेट वाजवत होते, आणि कॉर्नेटवाला बन्सी समोरच्या नळावर बादली भरेपर्यंत मागून साथ देत होता. साहेबांची जीप चाळीसमोर थांबली. साहेब खाली उतरले, चाल संपेपर्यंत उभे राहिले. पाय ताल धरत होता, भलत्याच, पण धरत होता.

"मास्तर, ही नवी दिसते."

"न्हाई साहेब, जुनी हाय. चौदा वर्सं झाली."

"कुणाची?"

आता आपल्याकडे मोठ्या माणसासमोर 'माझी' म्हणायला जीभ वळत नाही. घर स्वतःचं असलं तरी 'आपलंच हाय', म्हैस स्वतःची असली तरी 'आपलीच'. 'माझी' म्हटलं की छाती पुढं काढल्यासारखं होतं. मास्तर पलटणीत गोऱ्यांच्या शिव्या खाऊन ताठ झालेले, पण जीभ गावचीच राहिली होती.

"आपलीच हाय, साहेब," ते म्हणाले.

साहेबांनी छातीवर हात ठेवला. "आपलीच?" ते एक पायरी वर आले. "चौदा वर्षं आमच्यासाठी चाल करून ठेवली आणि बोलला नाहीत, मास्तर."

चौदा वर्षांपूर्वी कारखान्याच्या जागी बाभळी होत्या आणि साहेबांना त्यांच्या भावकीपलीकडं कुणी ओळखत नव्हतं. पण मोठी माणसं असले हिशेब करत नाहीत. मास्तर तोंड उघडेपर्यंत जीप गेली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या कानिफनाथांनी हुकूम चिकटवला. ही चाल यापुढं साहेबांच्या आगमनालाच वाजेल, वाजताच सर्वांनी उठून उभं राहावं, अन्यत्र ती वाजवू नये. कानिफनाथ हे कारखान्याचे हेडक्लार्क, सरळ माणूस, पण कुठलीही गोष्ट कुठल्या तरी वहीत चढवल्याशिवाय ती जगात आहे यावर त्यांचा विश्वास बसत नसे. चाल कुठं चढवावी यावर त्यांनी दुपारभर विचार केला आणि डेड स्टॉक रजिस्टर उघडलं. 'लोखंडी कपाट, एक. भिंतीवरचं घड्याळ, एक (बंद).' त्याखाली त्यांनी लिहिलं, 'चाल, एक (चालू).'

मास्तर ऑफिसात गेले. "ती चाल साहेबांची न्हाई. माझ्या पोरीची हाय."

"अहो, साहेबांसमोर तुम्हीच म्हणालात ना, आपलीच म्हणून?"

"ते आपलं म्हनायचं म्हनून म्हनालो."

"आपलं म्हणायचं म्हणून म्हणालात ते आपलं झालं," कानिफनाथ म्हणाले, आणि दोघांनाही ते नीट कळलं नाही.

गीता कारखान्याच्या शाळेत दहावीला होती. क्वार्टरसमोर नळ होता. नोकरी सोडून चालणार नव्हतं. मास्तर परत आले आणि त्यांनी घरातली बादली लाथाडली. दोन वर्षं ते साहेबांची जीप दिसली की 'गीताची' वाजवत राहिले. प्रत्येक वेळी त्यांना आपला बाप दिसायचा. बाप गावचा येसकर. मामलेदार येणार असला की त्याच्या घोड्यापुढं पळत ओरडायचं, वाट मोकळी करायची, हे त्याचं काम. छप्पन साली घरचे सगळे बौद्ध दीक्षा घेऊन आले त्या रात्री म्हातारा म्हणाला होता, "आता आपल्या घरातलं कुनी कुनाच्या घोड्याफुडं पळनार न्हाई." आणि इथं त्यांची पोर साहेबांच्या जीपपुढं पळत होती, रोज.

एकाहत्तरच्या जानेवारीत गीताची सोयरीक जमली. मुलगा नागापूरला एमआयडीसीत फिटर, घर पाथर्डीकडचं. साखरपुडा क्वार्टरसमोर ताडपत्री ताणून झाला. साहेब मुंबईला होते. मास्तरांनी ठरवलं होतं, आज हुकूम गेला उडत. पोर साडी नेसून बाहेर आली, त्यांनी क्लॅरनेट तोंडाला लावलं आणि पहिली ओळ सोडली.

मांडव उठला.

साठ माणसं एका दमात उभी राहिली. बिड्या विझल्या. शाळेचे हेडमास्तर कोटाची गुंडी लावू लागले. पेढ्यांचं ताट घेऊन निघालेला माणूस नवऱ्या मुलाच्या बापासमोरून वळून रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला, आणि व्याह्यांसाठी आणलेला हार कुणीतरी जीपसाठी पुढं नेला. पाथर्डीची मंडळी तेवढी बसून राहिली आणि इकडं-तिकडं बघू लागली. हे सगळं एक वेळ मास्तरांनी गिळलं असतं. पण त्यांनी गीताकडं पाहिलं. तिनंही पदर सावरला होता, आणि तीही रस्त्याकडं तोंड करून अदबीनं उभी होती.

क्लॅरनेट तिथंच थांबलं.

मुलाची आई झुंबरबाई ही तोंडाची तिखट बाई. ती म्हणाली, "इवाईबुवा, आमी सोयरीक कोनाशी केली? तुमच्याशी, का त्या चेरमनशी? तसं आसंल तर त्याचा पोरगा बगू की."

"बसा म्हनतो ना सगळ्यांना," मास्तर ओरडले. लोक बसले, पण रस्त्याकडं बघत बसले.

दुसऱ्या दिवशी ते कानिफनाथांच्या टेबलासमोर उभे होते. "वैशाखात लग्न हाय. चाल परत पायजे."

"डेड स्टॉकातली वस्तू अशी उचलून नेता येत नाही, मास्तर."

"माझी पोर जिती हाय आन तिची चाल डेड?"

"तसं नव्हे. खुर्चीलासुद्धा डेड स्टॉकच म्हणतात."

"म्हंजी माझी पोर खुर्ची."

कानिफनाथांनी चष्मा काढून पुसला. त्यांनाही मुली होत्या. "हे बघा, निर्लेखन व्हावं लागतं. म्हणजे वस्तू झिजली, मोडली, वापरण्याजोगी राहिली नाही, असा शेरा आणि खाली साहेबांची सही. मग ती रजिस्टरातून जाते."

"झिजली तर जाते?"

"झिजली तर प्रश्नच नाही."

मास्तरांनी बन्सीला गाठलं. "उद्यापास्नं झिजवायची."

"काय?"

"गीताची."

बन्सीनं डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मास्तर, माझं बी नाव हजेरीपटावर झाडूवाला म्हनून हाय. चला, झाडून टाकू."

पहाटेच्या पाळीचा भोंगा झाला की पहिली चाल. मोळ्या उतरवणाऱ्यांच्या तळावर दुसरी. न्हाव्यापुढं, रेशनच्या रांगेत, बैलाला नाल मारताना, म्हशीचा सौदा फिसकटताना. शनिवारी सायकलीवर काष्टीच्या बाजारात जाऊन बैलांच्या दावणीला. पहिल्या आठवड्यात हाहाकार झाला. न्हाव्याच्या हातातून अर्धी मिशी घेऊन माणसं उठली. ओढ्याकडं गेलेला एक पंप ऑपरेटर तांब्या टाकून सावधान उभा राहिला आणि दोन दिवस कामाला आला नाही. एक म्हातारा इतक्या वेळा उठला की त्याची कंबर बरी झाली, असं तो स्वतः सांगायचा.

लोक चिडले, शिव्या देऊ लागले. मास्तरांना शिव्यांचं काही वाटलं नाही. त्यांनी त्या इंग्रजीतून ऐकल्या होत्या. वाईट वाटायचं ते निराळं. दिवसातून वीसवीसदा ती चाल फुंकताना त्यांना वाटायचं, हे आपण काय करतोय. जी चाल चौदा वर्षं पेटीतल्या मखमलीत ठेवली, ती म्हशींपुढं लोळवतोय. मग त्यांना साहेबांचा राग यायचा, आणि आणखी जोरात फुंकायचे.

तिसऱ्या आठवड्यात लोक आधी मान वळवून जीप आहे का बघू लागले. पाचव्यात मानही वळेना.

"आज येकच उठला," बन्सीनं येऊन सांगितलं, "आन त्यो बी मुंग्या चावल्या म्हनून."

कानिफनाथांनी नाइलाजानं मेमो दिला. बँडमास्तर असा कुणी कारखान्यात नसल्यानं मेमो माळ्याला होता. 'बागकामाच्या वेळेत वाद्य वाजवल्याबद्दल खुलासा करावा.' मास्तरांनी खाली लिहून दिलं, 'वाद्याने झाडे वाढतात. बागेत येऊन बघावे.' बागेत कुणी गेलं नाही, कारण बागेत बघण्यासारखं काही नव्हतं.

एप्रिलमध्ये हंगामाची सांगता. मुंबईचे बडे पाहुणे घेऊन साहेबांची जीप मांडवाशी आली. लाल कोटातल्या अकरा जणांपुढं मास्तर उभे राहिले आणि त्यांनी चाल सबंध वाजवली, एक सूर न खाता, पलटणीत वाजवली असती तशी. साहेब उतरले. हात जोडायला छातीपर्यंत आले होते. ते तिथंच राहिले.

कुणी उठलं नाही. दोन हजार माणसं भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. साळूबाई नावाची एक मजूर बाई शेजारणीला म्हणाली, "आज मास्तरांचा सूर बरा लागलाय गं," आणि तिनं पाय पसरले. पाहुण्यांनी साहेबांना हळूच विचारलं, "कार्यक्रम आपलाच आहे ना?"

संध्याकाळी साहेबांनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं. कानिफनाथ रजिस्टर छातीशी धरून कोपऱ्यात उभे होते.

"मास्तर, लोक उठले नाहीत."

"न्हाई उठले."

"का?"

"चाल झिजली, साहेब."

सहादेवराव काही बिनडोक माणूस नव्हता. बिनडोक माणूस तीन निवडणुका जिंकत नाही. "झिजली, का झिजवली?"

"झिजवली."

"काय कमी केलं होतं तुम्हाला? क्वार्टर दिली. कोट दिला."

मास्तरांचा आवाज एरवी रागात चढायचा. आज तो खाली गेला, आणि कानिफनाथ नंतर सांगायचे की तेव्हाच त्यांना भीती वाटली. "माझा बा मामलेदाराच्या घोड्याफुडं पळायचा, साहेब. पन त्यो सोता पळायचा. लेकराला न्हाई पळवलं त्यानं. तुमी माझी पोर पळवली. सोताच्या साखरपुड्यात ती उटून उबी राह्यली. नवऱ्यासाटी न्हाई, सासऱ्यासाटी न्हाई. तुमच्या जीपसाटी."

साहेब म्हणाले, "मी मागितली होती का? कुणाची विचारलं, तर तुम्हीच म्हणालात आपलीच."

"आपली म्हंजी माझी, आसं म्हनालो हुतो."

"मग माझी म्हणायचं होतं."

दोन वर्षं त्यांनी साहेबांवर राग धरला, कानिफनाथांवर धरला, बादलीवर काढला. पण त्या दिवाळीच्या संध्याकाळी उंबऱ्यावर बसलेल्या, अकरा वर्षं पलटणीत काढलेल्या, दीक्षा घेतलेल्या आणि तरीही 'माझी' म्हणताना जीभ चावणाऱ्या माणसावर राग काढायचा राहून गेला होता. तो आता एकदम आला. कान लाल झाले.

"आता म्हनतो," ते म्हणाले. "माझी हाय."

साहेबांनी रजिस्टर मागवलं. 'चाल, एक' यापुढं त्यांनी शेरा मारला, 'झिजल्याने निरुपयोगी', आणि सही केली. मग पेन न मिटता कानिफनाथांकडं पाहिलं. "आणि माळी, एक. तोही काढा. महिनाअखेर क्वार्टर रिकामी."

"कोट जमा करू का आत्ताच?" मास्तरांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गुंड्या सोडायला लागले.

लग्न वैशाखात काष्टीला झालं, चांगुणाबाईंच्या भावाच्या खळ्यावर. बन्सी आणि आणखी सात जण आले, घरी धुतलेल्या शर्टांत. कारखान्यावरची निम्मी चाळ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आली. पाथर्डीची मंडळी आली. पांढऱ्या साडीत गीता मांडवाच्या तोंडाशी आली तशी मास्तरांनी क्लॅरनेट उचललं. पहिली ओळ सोडताना त्यांचे डोळे मांडवभर फिरत होते.

कुणी उठलं नाही. रस्त्याकडं एक मान वळली नाही. दुसरी ओळ संपेपर्यंत त्यांना इतकं हलकं वाटलं की श्वास कमी पडला.

मग त्यांच्या लक्षात आलं की कुणी ऐकतही नव्हतं. पुढच्या रांगेत दोघं उसाच्या बेण्याबद्दल बोलत होते. हेडमास्तर पेंगत होते. मागं कुणीतरी म्हणालं, "परत तीच का." आणि झुंबरबाई मांडवाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली, "दुसरं काय येतंय का न्हाई आमच्या इवायाला?"

मास्तरांनी क्लॅरनेट खाली घेतलं. बन्सीचं कॉर्नेट एकटंच थोडं पुढं गेलं आणि ओशाळून थांबलं.

"म्हशीफुडं वाजवली तवा ती बरी ऐकत हुती," मास्तर म्हणाले. "ऐका. ही चाल माझ्या पोरीची हाय. ती दोन वर्साची हुती तवा केल्याली. मदी दुसऱ्याकडं गेली हुती, म्या सोडवून आनलीय. सोडवताना तुमास्नी लई तरास दिला, ठावं हाय मला. आता धा मिन्टं कुनी उटायचं न्हाई, कुनी बोलायचं न्हाई, कुनी खायाचं न्हाई."

विधी लावायला आलेले बौद्धाचार्य हळूच म्हणाले, "मास्तर, वेळ होतोय."

"हुऊ द्या." ते झुंबरबाईकडं वळले. "आन इहीनबाई, तुमी बी."

"म्या कुटं बोलले?" झुंबरबाई म्हणाली, आणि पदरानं तोंड झाकून बसली.

त्यांनी परत पहिल्यापासून धरली. या वेळी घाई केली नाही. दोन ओळींनी बन्सी मागून आला. बुंदीचं ताट घेऊन निघालेला वाढपी एक पाय उचलून तसाच राहिला होता. तो पाय खाली ठेवायचीही त्याला छाती झाली नाही. ट्रॉलीतून आलेल्या चाळीतल्या बायकांनी ही चाल हजारदा ऐकली होती. त्यातलं मागचं वाद्य पुढच्याच्या पावलांवर पाऊल टाकतंय, ते थांबलं की हेही थांबतंय, हे त्यांना आज कळत होतं. मुक्ताबाई म्हणून एक होती, तिनं शेजारणीला कोपर मारलं आणि गीताकडं डोळ्यांनी दाखवलं. गीता मांडवाच्या तोंडाशीच उभी होती. ती बापाकडं बघत होती, दुसरीकडं कुठंच नाही.

शेवटच्या ओळीत मागच्यानं पुढच्याला गाठलं. दोन्ही एका सुरावर थांबली, आणि चाल संपली.

उठायचं नाही, बोलायचं नाही, खायचं नाही, एवढं लोकांना पक्कं समजलं होतं. पुढं काय करायचं ते कुणालाच समजेना. सगळे आपले बसून राहिले. वाढप्याचा पाय अजून वरच होता.

मास्तरांनी क्लॅरनेट काखेत मारलं, कपाळाचा घाम पुसला आणि सबंध मांडवावरून रागानं नजर फिरवली.

"आता टाळ्या वाजवाया काय हुकूम चिकटवू का?"